उपकेंद्रातली दुसऱ्या महिन्याची गोळी

परसबाग
नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. विषय माझ्या घरचा आहे, पण थोड्याफार फरकाने अनेकांच्या घरचा असेल.

आई ६७ वर्षांची, सिंधुदुर्गात गावी एकटी राहते. मी पुण्याला, भाऊ डोंबिवलीला. गेल्या वर्षी मे महिन्यात गावच्या शाळेत आरोग्य तपासणीचं शिबिर होतं. आईचं बीपी निघालं १७८/१०४. तिथंच गोळ्या दिल्या, उपकेंद्रात नाव घातलं, कार्ड दिलं. आईने फोनवर सांगितलं, "गोळये दिल्यानी, माका आता बरा वाटता." मी निश्चिंत झाले.

फेब्रुवारीत एका सकाळी शेजारच्या काकी डोकावल्या तर आई चुलीपुढे बसलेली, हातातला चिमटा उचलत नव्हता आणि तोंड एका बाजूला गेलेलं. काकींनी वेळ घालवला नाही, सरळ १०८ ला फोन केला. आज आई चालते, बोलते. उजव्या हाताची बोटं मात्र अजून पुरती वळत नाहीत. भाकरी थापायला बसते आणि अर्ध्यावर उठते.

घर आवरताना देव्हाऱ्याखालच्या पत्र्याच्या डब्यात गोळ्यांची पाकिटं सापडली. पहिल्या महिन्याची सगळी रिकामी. दुसऱ्या महिन्याच्या पाकिटातल्या चारच गोळ्या फोडलेल्या. तिसऱ्या महिन्याची जशीच्या तशी, वर रबर लावून ठेवलेली. कार्डावर मे, जून, जुलै अशा तीन खुणा, पुढचे सगळे रकाने कोरे.

मी तावातावाने उपकेंद्रात गेले. सिस्टरनी शांतपणे रजिस्टर काढून दाखवलं. ऑगस्टपासून आई आलेली नाही, आशाताई दोनदा घरी जाऊन आल्या, दोन्ही नोंदी होत्या. काकीही म्हणाल्या की आशाताई यायच्या, आई त्यांना चहा द्यायची आणि "गोळये आसत गो माझ्याकडे" म्हणून सांगायची. ते खोटंही नव्हतं. गोळ्या डब्यात होत्या.

म्हणजे शिबिर झालं, निदान झालं, औषध फुकट मिळालं, माणसंही घरी येऊन गेली. तरी मध्येच काहीतरी निसटलं आणि मी ते पुण्यात बसून पाहिलं नाही. मला विचारायचंय, तुमच्या गावात किंवा वॉर्डात दुसऱ्या-तिसऱ्या महिन्याची गोळी खरंच पोटात जाते का? ते कोण बघतं? कसं बघतं? "सरकारी काम असंच चालायचं" एवढंच लिहू नका. मला करण्याजोगं काहीतरी हवंय.

---

मोहोर
वाचून गलबलून आलं. आईंना लवकर बरं वाटो. आमच्या दादांचंही हेच. "डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, मग गोळी कशाची?" शेवटी नातवाने पाठ धरली तेव्हा घ्यायला लागले. काकींचे मात्र पाय धरावेत असं वाटतं.

---

वाडीवस्तीची_डॉक्टर
मी समुदाय आरोग्य अधिकारी आहे. गावात "सीएचओ मॅडम" म्हणतात, म्हातारी माणसं "डॉक्टरीणबाई". बीएएमएस करून, मग सहा महिन्यांचा कोर्स करून उपकेंद्रात आले. सविस्तर लिहिते, कारण तुमच्या आईच्या कार्डासारखी कार्डं मी रोज हाताळते.

आधी थोडं मागचं. रक्तदाब नियंत्रणाचा जो मोठा कार्यक्रम देशात २०१७ च्या शेवटी सुरू झाला, त्यात आपल्या राज्यातले पहिले चार जिल्हे होते सिंधुदुर्ग, सातारा, भंडारा आणि वर्धा. म्हणजे तुमचा जिल्हा अगदी सुरुवातीपासून त्यात आहे. त्यातला महत्त्वाचा बदल म्हणजे औषधांच्या ठरलेल्या पायऱ्या. आधी अ‍ॅमलोडिपिन, त्याने नाही भागलं तर टेल्मिसार्टन, मग क्लोरथॅलिडोन. सगळीकडे तीच औषधं, त्यामुळे साठा किती लागेल याचा अंदाज बांधता येतो. आणि प्रत्येक माणसाचं स्वतंत्र कार्ड, त्यावर दर भेटीचं बीपी. १४०/९० च्या खाली आणायचं आणि तिथं ठेवायचं, एवढंच उद्दिष्ट.

आता निसटतं कुठे ते सांगते. आपल्याकडे "गोळ्या घ्या" म्हटलं की लोकांच्या डोक्यात ताप येतो. ताप आला, तीन दिवसांच्या गोळ्या घेतल्या, बरं वाटलं, संपलं. बीपीच्या गोळीने तुमच्या आईंना "बरा" वाटलं तिथंच धोका झाला. गोळी चालू होती म्हणून आकडा खाली आला होता; गोळी थांबली की तो परत चढतो, आणि चढताना काही दुखत नाही. म्हणून मी पहिल्याच दिवशी सांगते, हा कोर्स नाही, चूळ भरण्यासारखं रोजचं काम आहे. हे एकदा सांगून भागत नाही. दुसऱ्या भेटीत परत, तिसऱ्या भेटीत परत. पहिले तीन महिने निभावले की माणूस सहसा टिकतो, हा माझा अनुभव.

दुसरी गोष्ट. शिबिरातल्या एकाच आकड्यावर सगळं ठरवू नये. रांगेत उन्हातान्हात उभं राहून, बडबड करत, घट्ट बाहीवरूनच पट्टा बांधून घेतलेलं बीपी जास्त येऊ शकतं. पाच मिनिटं शांत बसवायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात टेबलावर, बोलणं बंद, आणि दोनदा मोजायचं. अर्थात १७८/१०४ हा आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नव्हताच.

आणि आमची बाजूही लिहिते. सपाटीच्या भागात पाच हजार आणि डोंगरी भागात तीन हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र, असा हिशेब आहे. त्यात लसीकरण, गरोदर माता, क्षयरोगाची औषधं, तीस वर्षांवरच्या सगळ्यांची बीपी, साखर आणि कॅन्सरची तपासणी. मी वाडीवर गेले की मागे केंद्रात आलेला म्हातारा माणूस दार बंद बघून परत जातो. चार किलोमीटर चालत आलेला माणूस पुढच्या महिन्यात येत नाही. याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून आता वाडीचे दिवस फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवते आणि आशांच्या फोनवरूनही कळवते.

काकींनी जे केलं ते सगळ्यांनी लक्षात ठेवा: तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळणं, ही पक्षाघाताची लक्षणं; यापैकी एक जरी दिसलं तरी लगेच १०८. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं. मालीश, कांदा हुंगवणं, "जरा वेळ पडू दे" यात ते तास जातात.

---

परसबाग
मॅडम, किती नीट लिहिलंत. "कोर्स" ही गोष्ट माझ्या डोक्यात कधी आलीच नव्हती. आईला मी आज विचारलं, गोळी का थांबवलीस? ती म्हणाली, "संपल्यो मां?" म्हणजे तिच्या लेखी पहिल्या महिन्याच्या गोळ्या संपल्या तिथं दुखणंही संपलं. नंतरची पाकिटं तिने "परत दुखलं तर" म्हणून जपून ठेवली होती.

---

रोखठोक_नाना
मला राग येतो तो शिबिरांचा. मंडप, हार, पाहुण्यांची भाषणं, आणि मग दोन तासांत दोनशे माणसं तपासून मोकळे. पुढे त्या दोनशेंचं काय झालं हे कोणी विचारत नाही. तोच पैसा उपकेंद्राला द्या.

---

इंद्रायणीकाठ
नाना, तुमचा राग समजतो, पण शिबिरं बंद करा असं म्हणू नका. माझ्या यजमानांना वीस वर्षं तंबाखूची सवय. घरातल्या कोणाचं ऐकून दवाखान्यात गेले नसते. गावात शिबिर लागलं म्हणून मित्रांबरोबर गेले. तिथल्या सिस्टरनी टॉर्च लावून तोंड उघडायला लावलं आणि गालाच्या आतला पांढरा चट्टा दाखवला. आरशात त्यांनाही दाखवला. पुढे तालुक्याला पाठवलं, तुकडा तपासला, वेळेत उपचार झाले. तंबाखू त्या दिवशीच सुटली. त्या एका टॉर्चमुळे माझं घर उभं आहे. शिबिर हा उंबरठा आहे, तो ओलांडल्याशिवाय काही माणसं आत येतच नाहीत. पुढचा पाठपुरावा हवा, हे मात्र शंभर टक्के खरं.

---

रोखठोक_नाना
ताई, तुमचं वाचून माझं म्हणणं थोडं बदललं. यजमानांना नमस्कार सांगा. पण पाठपुराव्याचं तेवढं लावून धरूया.

---

नदीकाठची_आशा
मी भंडारा जिल्ह्यात आशा आहे. जास्त लिहिता येत नाही, मुलगी टाइप करून देत आहे.

परसबाग ताई, तुमच्या आशाताईंवर राग धरू नका. त्या दोनदा गेल्या हेच खूप. हजार लोकसंख्येला एक आशा असते आणि प्रत्येक घरी काही ना काही काम असते. पण मी एक गोष्ट शिकली ते सांगते. "गोळी खाल्ली का?" असं विचारलं की सगळे "खाल्ली जी" म्हणतात. म्हणून मी विचारतच नाही. मी म्हणते, पाकीट दाखवा. पाकीट आणलं की मोजते. आज बारा तारीख, मग बारा खड्डे रिकामे पाहिजेत. आठच रिकामे असले तर रागवत नाही, कुठल्या चार दिवशी राहिली ते विचारते. तेव्हा खरं कारण निघते. कोणी लग्नाला गेली होती, कोणाला उपास होता आणि उपाशीपोटी घ्यायची नाही असं वाटलं, एका आजीचं तर पाकीट सुनेने वर फळीवर ठेवलं होतं आणि आजीचा हातच पोचत नव्हता.

फळीवरून काढून पाण्याच्या माठाजवळ ठेवायला सांगितलं. तेवढ्याने झालं. आता ती आजी दर महिन्याला स्वतः येते.

---

परसबाग
ताई, तुमच्या मुलीलाही धन्यवाद. राग अजिबात नाही. परवा मी आमच्या आशाताईंना भेटून आले आणि तावातावाने बोलले त्याची माफीही मागितली. पाकीट मोजायचं मी आजपासूनच सुरू करते. व्हिडिओ कॉलवर आईला पाकीट कॅमेऱ्यासमोर धरायला सांगणार.

---

दूधडेअरी
आमचं गाव कोल्हापूर जिल्ह्यात. आमच्याकडचा प्रश्न पुरुषांचा. तपासणी सकाळी दहा ते दुपारी चार, त्या वेळेत पुरुष रानात नाहीतर कारखान्यावर. रजिस्टरमध्ये बघितलं तर बायकाच बायका. आणि झटका येऊन पडणारे निम्मे आमच्या वयाचे गडी.

आमच्या सिस्टरनी एक युक्ती केली. दूध घालायला प्रत्येक घरातलं कोणीतरी पहाटे डेअरीत येतंच, आणि दहा दिवसांनी बिलाच्या दिवशी घरचा कर्ता माणूस हमखास येतो. त्या दिवशी सिस्टर साडेसहाला मशीन घेऊन डेअरीत बसायला लागल्या. पहिल्या दिवशी गंमत अशी झाली की सगळ्यांचंच बीपी वाढलेलं! मग त्यांच्या लक्षात आलं, माणूस पंधरा लिटरची कॅन उचलून थेट मशीनसमोर येतोय. संस्थेने भिंतीलगत एक बाकडं टाकलं. आधी बाकड्यावर बसायचं, बिलाची पावती वाचायची, मग बीपी. आता पुढच्या गोळ्याही बिलाच्या दिवशीच मिळतात. बिल चुकवत नाही कोणी, त्यामुळे गोळीही चुकत नाही.

---

वाडीवस्तीची_डॉक्टर
दूधडेअरी, हे आमच्या पुढच्या मीटिंगमध्ये सांगणार. बाकड्यासकट.

---

चाळकरी
मुंबईची बाजू. इथे महापालिकेने नोव्हेंबर २०२२ मध्ये "आपला दवाखाना" सुरू केले. सकाळी सात ते दुपारी दोन आणि तीन ते रात्री दहा अशी वेळ ठेवली, हीच त्यातली खरी सोय. माझी बायको घरकाम करते, चार घरं आटपून संध्याकाळी सातला मोकळी होते. पूर्वी महापालिकेचा दवाखाना त्या वेळेला बंद झालेला असायचा आणि सरकारी मोठ्या रुग्णालयात जायचं तर एका दिवसाचा पगार जायचा. आता घरी जाताना वाटेत थांबते. रक्ताच्या तपासण्याही तिथं फुकट होतात. १४७ प्रकारच्या चाचण्या म्हणून बोर्ड आहे. तिची तीन महिन्यांची सरासरी साखर तिथंच कळली.

अडचण येते ती मे महिन्यात गावी गेल्यावर. महिनाभर राहायचं आणि गोळ्या पंधरा दिवसांच्या. गावच्या केंद्रात म्हणतात तुमची नोंद इथं नाही. एक वर्ष असंच गोळीवाचून गेलं. आता निघायच्या आधीच सांगून जास्त गोळ्या मागून घेतो आणि कागदांचे फोटो मोबाइलमध्ये ठेवतो. गावच्या मॅडमनी फोटो बघून लगेच औषध दिलं. ज्यांची माणसं गाव-शहर ये-जा करतात त्यांनी एवढं नक्की करा.

---

लेस्टरवासी
इंग्लंडमधून लिहितोय. इथे सार्वजनिक आरोग्याचं बरंचसं काम २०१३ पासून स्थानिक कौन्सिलकडे आलं. ४० ते ७४ वयाच्या, आधीपासून हृदयविकार, बीपी, मधुमेह असे आजार नसलेल्या माणसांना दर पाच वर्षांनी तपासणीचं बोलावणं येतं. चाळिशीपुढच्या लोकांना बऱ्याच औषधांच्या दुकानांतही बीपी फुकट मोजून मिळतं. तरी बोलावणं येऊन न जाणारे खूप. आमच्या मराठी मंडळातले काका-काकू पत्र टेबलावर ठेवून विसरतात. मग आम्ही गणपतीत आलेल्या प्रत्येकाला विचारायचं ठरवलं, "पत्र आलं का? गेलात का?" आपल्या माणसाने आपल्या भाषेत विचारलं की माणूस जातो.

---

हातपंप
मी मराठवाड्यातल्या एका ग्रामपंचायतीत पाच वर्षं सदस्य होतो. इथे सगळे दवाखान्याचं बोलताहेत, मी पंचायतीचं बोलतो, कारण लोकांना वाटतं आरोग्य म्हणजे फक्त आरोग्य खातं.

प्रत्येक गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते. तिच्या खात्यावर वर्षाला दहा हजार रुपये अबंधित निधी येतो. गावानेच ठरवायचं कशावर खर्च करायचा. मी निवडून आलो तेव्हा मलाही हे ठाऊक नव्हतं. जुने कागद चाळले तर वर्षानुवर्षं तोच खर्च: झेरॉक्स, चहापाणी, फवारणी. मी ग्रामसभेत विचारलं आणि पहिल्यांदा त्यावर चर्चा झाली. त्या वर्षी आम्ही बीपीचं चांगलं मशीन, जाड दंडाला बसेल असा मोठा पट्टा, दोन खुर्च्या आणि एक पडदा घेतला. पडदा आमच्या सिस्टरनी मागितला होता. बायका स्तनाची तपासणी उघड्या खोलीत करून घेईनात. पडदा लागला आणि त्याच महिन्यात बायका यायला लागल्या. एवढ्याशा कापडाने अडलं होतं.

दुसरं पाण्याचं. पंचायतीला पाण्याच्या सर्वेक्षणावरून लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं, वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर. लाल म्हणजे धोका. आमचं लाल होतं आणि निम्म्या गावाला त्याचा पत्ता नव्हता. शिपाई टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर, टाकायचा, पण अंदाजाने, आणि पोतं उघडं ठेवल्याने पावडरचा जोर गेलेला. पोतं कोरड्या खोलीत हलवलं, ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का याची तपासणी, सकाळच्या सकाळी शेवटच्या नळावर करायला लावली, कारण टाकीजवळ क्लोरीन असतंच, ते शेवटच्या घरापर्यंत पोचतं का हे बघायचं असतं. दुसऱ्या वर्षी हिरवं कार्ड आलं. जुलाबाची साथ त्या पावसाळ्यात नव्हती.

परसबाग, तुम्हाला करण्याजोगं हवं होतं ना? १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, २६ जानेवारी, १ मे, या दिवशींच्या ग्रामसभेला गावी जा. मतदार यादीत तुमचं नाव नसेल तर आईला किंवा काकींना उभं करा. तीनच प्रश्न विचारा. अबंधित निधी कशावर खर्च झाला? पाण्याचं कार्ड कुठल्या रंगाचं आहे? आणि गावात बीपी-साखरेची किती माणसं नोंदलेली आहेत आणि गेल्या महिन्यात त्यातली किती औषध घेऊन गेली? तिसऱ्या प्रश्नाला नावं विचारू नका, आजार ज्याचा त्याचा खाजगी असतो. फक्त आकडा. आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. लिहिलेला आकडा पुढच्या सभेत परत विचारता येतो.

---

सिंधुसागर
मीही सिंधुदुर्गातलाच. हातपंप दादांच्या मुद्द्याला जोडून. आमच्याकडे लावणीच्या दिवसांत लेप्टोची, म्हणजे दूषित पाण्या-चिखलातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाची, भीती असते. चिखलात तासन्‌तास पाय, पायाला चिरा. आशाताई तो होऊ नये म्हणून डॉक्सीच्या (डॉक्सिसायक्लिन) गोळ्या वाटतात, आठवड्याला एकदा घ्यायच्या. त्याही लोक घेऊन ठेवून देतात! मागच्या पावसात आम्ही वाडीवर ठरवलं, लावणीची न्याहारी बांधावर येते तेव्हाच सगळ्यांनी मिळून घ्यायची, सोमवारी. एकाने घेतली की दुसरा लाजेकाजेने घेतोच. ताप आला तर मात्र अंगावर काढायचा नाही, थेट केंद्रात जायचं.

---

परसबाग
सगळ्यांचं पुन्हा पुन्हा वाचलं. दोन महिन्यांनी परत लिहितेय, काय काय झालं ते.

मी तीन आठवडे गावी राहिले. गोळीचं पाकीट डब्यातून काढून चहाच्या डब्यापाशी ठेवलं. सकाळची पेज झाली की गोळी. काकींनी स्वतःहून जबाबदारी घेतली. त्यांचंही बीपी तपासलं तर तेही १५६/९४ निघालं. आता दोघी मिळून उपकेंद्रात जातात, महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी. चढण आहे, वाटेत आंब्याखाली बसतात.

आमच्या वाडीवर शनिवारी भजन असतं. आशाताईंशी बोलून भजनाआधी अर्धा तास मशीन तिथं आणायचं ठरलं. पहिल्या शनिवारी अकरा पुरुष आले. दोघांना आधी ठाऊकच नव्हतं.

१५ ऑगस्टच्या सभेला काकी उभ्या राहिल्या. कधी बोलल्या नव्हत्या, हात थरथरत होता, पण हातपंप दादांचे तिन्ही प्रश्न कागदावरून वाचले. निधीचं उत्तर पुढच्या सभेत देऊ म्हणाले. औषधाचा आकडा सिस्टरनी तिथंच सांगितला आणि ग्रामसेवकांनी लिहून घेतला.

आईचं परवाचं बीपी १३४/८२. बोटांचा व्यायाम चालू आहे, काल लिंबाएवढा पिठाचा गोळा मळला.

मॅडम, एक शेवटचं विचारायचंय. आईचं जेवण म्हणजे पेज आणि तोंडी लावायला सुका बांगडा, नाहीतर खारातली कैरी. मीठ कमी करा म्हणतात, पण सुकं बंद केलं तर ती जेवतच नाही. काय करू?

---

वाडीवस्तीची_डॉक्टर
१३४/८२! फार आनंद झाला. काकींना माझा नमस्कार, आणि त्यांचं कार्डही तुमच्या यादीत ठेवा.

बंद करू नका. बांगडा भाजायच्या आधी कोमट पाण्यात भिजवून दोनदा पाणी बदला, बरंच मीठ निघून जातं. आठवड्यातले दोन दिवस ठरवा, बाकीच्या दिवशी ताजी मासळी किंवा कुळथाची पिठी, पिठीत मीठ निम्मं आणि कोकम जास्त. कैरीची फोड धुऊन घ्या. पेजेत वरून मीठ घालायचं नाही. आणि "मीठ कमी" करण्याच्या नादात गोळी सोडायची नाही, हे आईंना तुम्ही सांगण्यापेक्षा काकींना सांगू द्या.